विणलेली पॉपी वाटीसारखी वळते? या चुका टाळा

11 नोव्हेंबर, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन, जवळ आला की त्यांच्या आठवणीत छातीवर लावायचं पॉपीचं (खसखशीच्या जातीचं) फूल विणायला ब्रिटनमध्ये लाल लोकर हातात घेणाऱ्यांत आपल्या मराठी बायकाही असतात. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत शहराच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, त्यामुळे हे फूल परक्यांचं म्हणायचं काही कारण नाही.

नमुना सोपा आहे. 60 टाके घाला, काही सुया (ओळी) विणा, दोन-दोन टाके एकत्र घेत 30 करा, मग 15, आणि उरलेल्यांतून धागा ओवून आवळा. घोळ होतो तो सुरुवातीलाच. टाके आवळून घातले की बाहेरची कड पसरत नाही आणि फुलाची वाटी होते. टाके एक नंबर जाड सुईवर घाला, पुढचं काम 4 मिलीमीटरवर करा. वाटी झालेल्या फुलावर इस्त्री मात्र फिरवू नका! ॲक्रिलिक लोकर उष्णतेने चपटी होऊन चकाकते, ती पुन्हा फुगत नाही. सरळ उसवा.

एक सुई सुलट, एक सुई उलट असं विणलंत तर कड गुंडाळणारच. सगळ्या सुया सुलट विणा, नाहीतर दोन सुलट-दोन उलट.

मधलं भोक हा दुसरा दोष. धागा एकदाच ओवून ओढला की तो सैल पडतो. दोनदा फिरवा, मागून दोन टाके मारा, मगच काळं बटण लावा. बटणाच्या भोकातून लोकर जात नाही, शिवणाचा दोरा घ्या. लहान मुलांसाठी बटण नकोच, काळ्या लोकरीने भरा. पिन मधोमध लावली तर फूल मान टाकतं, ती वरच्या बाजूला हवी.

उघड्यावर मांडायची असेल तर सुती धागा टाळा, तो पाणी पिऊन लोंबतो. 2016 च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये (लंडनच्या फुलांच्या प्रदर्शनात) हातांनी केलेल्या जवळजवळ तीन लाख पॉपी मांडल्या होत्या. अशा मोठ्या मांडणीसाठी फुलं पाठवताना आयोजकांनी सांगितलेलं माप आणि धागा आधी बघा.

पान हवं की नको यावर वाद घालू नका, स्कॉटलंडच्या कागदी पॉपीला पान नसतंच. रंगाचं मात्र सांभाळा: जांभळी पॉपी युद्धात मेलेल्या प्राण्यांसाठी, पांढरी शांततावाद्यांची.

आणि विकायचा विचार असेल तर थांबा. पॉपीचं चिन्ह रॉयल ब्रिटिश लीजन या सैनिकांसाठीच्या धर्मादाय संस्थेचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, आधी त्यांना विचारा.