पोरांच्या पोटातले बॅक्टेरिया कसे सांभाळायचे: इंदूरच्या आयांसाठी

मेडिकलवर प्रोबायोटिकची (चांगल्या जिवाणूंची) सॅशे दिसली की लगेच घेऊ नका हो, आधी पोटात जे जिवाणू आहेत त्यांना खायला काय घालतोय ते बघा. 2013 मध्ये अमेरिकेत एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्यांच्या पोटातले जिवाणू उंदरांमध्ये सोडले तर लठ्ठवाल्याचे मिळालेल्या उंदरांची चरबी जास्त वाढली, खाणं सारखंच असून. अर्थात पोरं म्हणजे उंदीर नव्हेत, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

बाळ लहान असेल तर सहा महिने फक्त आईचं दूध. त्यात काही साखरा अशा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या जिवाणूंसाठी असतात. सिझेरियनमुळे बाळाला आईचे जिवाणू कमी मिळाले म्हणून रडत बसू नका, दूध पाजा. आणि आजीबाईंनी मध चाटवायचा म्हटलं तर बाळ वर्षाचं होईपर्यंत साफ नाही म्हणा, बॉट्युलिझमची (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराची) भीती असते.

अँटिबायोटिक हा खरा घोळ. सर्दी-खोकला बहुतेक व्हायरसचा, त्यावर ते चालतच नाही, तरी जुनी चिठ्ठी दाखवून आणलं जातं. पहिल्या दोन वर्षांत वारंवार घेतलेल्या मुलांत वजन आणि दमा-अॅलर्जी जास्त दिसलीय, त्यामुळेच होतं असं मात्र सिद्ध नाही, म्हणून न्यूमोनियासारखं काही असेल तर घाबरू नका, डॉक्टर सांगतील तितके दिवस द्या.

आता खाणं. फायबर आतड्यात पोचलं की जिवाणू त्याचं ब्युटिरेट (आतड्याला उपयोगी आम्ल) वगैरे बनवतात आणि इम्युनिटीच्या पेशी उगाच भडकत नाहीत. सकाळचे पोहे सोडायची गरज नाही, फक्त पोह्यांवर शेवेचा डोंगर नको, एक चिमूट पुरे, त्याऐवजी मटार, वाफवलेले मोडाचे मूग, डाळिंब, कांदा, वरून जिरावन मसाला. जिलबी रविवारी. बाकी ज्वारीची भाकरी, भुट्ट्याचा कीस, सालासकट पेरू. हळूहळू वाढवा, एकदम दिलंत तर पोट फुगून पोरगं रात्रभर रडेल. घरचं दही द्याच, पण त्यातले जिवाणू फार दिवस मुक्काम करत नाहीत, म्हणून रोज.

शेंगदाण्याला उगाच घाबरतात लोक. 2015 च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये जास्त धोका असलेल्या बाळांना 4 ते 11 महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा दिला तर पाचव्या वर्षी अॅलर्जी जवळजवळ 80 टक्क्यांनी कमी निघाली. सहा महिन्यांनंतर मऊ खिचडीत बारीक कूट मिसळा, अख्खे दाणे मात्र नाहीत, घशात अडकतात. जोरदार एक्झिमा (खाजरे, लाल चट्टे) किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तोंड सुजलं, श्वास लागला तर घरगुती उपाय नकोत, थेट हॉस्पिटल.

आपलं शहर स्वच्छतेत नंबर एक असलं तरी पोरगं मातीत खेळलं की दर पाच मिनिटांनी सॅनिटायझर नको, जेवणाआधी आणि संडासनंतर साबण लागतोच, बाकी खेळू द्या.