दुर्मिळ इंग्रजी आडनावाचा माग कसा काढावा

अनोळखी इंग्रजी आडनाव कानावर पडलं की लोक आधी विचारतात, याचा अर्थ काय? मी सांगते, अर्थ थोडा थांबू द्या. ते आडनाव कुठल्या भागात होतं आणि किती जणांचं होतं, हे आधी शोधा. धंद्यावरून पडलेल्या आडनावांच्या बाबतीत तर हा क्रम पाळावाच लागतो, कारण त्यांचा अर्थ सगळ्यात फसवा असतो.

मी इंग्लंडच्या वायव्येकडच्या लँकशर परगण्यात, प्रेस्टनला राहते आणि सुटीच्या दिवशी लँकशरच्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या वाचून उतरवून काढायचं स्वयंसेवी काम करते. त्यामुळे इथे उदाहरणाला याच मातीतलं आडनाव घेते: आर्कराइट. सूत कातायचं यंत्र पाण्यावर चालवणारे सर रिचर्ड आर्कराइट १७३२ साली प्रेस्टनमध्येच जन्मले, म्हणून नाव ऐकलेलं असतं. पण ऐकलेलं नाव आणि सर्रास आढळणारं नाव यांत फरक आहे. आर्कराइट आडनावाची माणसं मोजकीच, आणि तीही मुख्यतः लँकशरची.

सुतार, लोहार, सोनार ही आडनावं ऐकत वाढलेल्या माणसाला वाटतं की आडनाव म्हणजे घराण्याचा पिढीजात धंदा. इंग्लंडमध्ये तसं धरून चालू नका. तिथे बापाचं धंद्याचं नाव मुलाला चिकटलं आणि तिथेच गोठलं. मुलगा पुढे काय करतो याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये हे बऱ्याच अंशी चौदाव्या शतकात झालं. उत्तरेकडे, विशेषतः लँकशरमध्ये, पुढची शंभर-दीडशे वर्षं आडनावं हलती राहिली. सर रिचर्ड यांनी उमेदीची वर्षं बोल्टनमध्ये न्हाव्याचं आणि केसांचे टोप बनवण्याचं काम केलं. त्यांच्या आडनावातल्या धंद्याशी याचा काही संबंध नाही, आणि तसा तो कोणाला अपेक्षितही नव्हता.

आता भूगोल आधी का, ते सांगते. मागावरून उतरलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करायचं काम इंग्लंडभर चालायचं. ते करणाऱ्याला आग्नेय भागात फुलर म्हणत, नैऋत्येला टकर आणि उत्तरेला वॉकर. धंदा एक, आडनावं तीन, आणि कोणतं आडनाव पडलं ते प्रदेशाने ठरवलं. त्यामुळे आडनावाचा गाभा नकाशावर सापडला की त्याचा अर्थ कुठल्या बोलीत शोधायचा हेही कळतं. उलट दिशेने गेलात तर 'वॉकर म्हणजे खूप चालणारा' यापलीकडे पोचणार नाही.

सुरुवात १८८१ च्या जनगणनेपासून करा. इंग्लंड-वेल्सच्या जवळपास २ कोटी ६० लाख माणसांची ही नोंद स्वयंसेवकांनी पूर्णच्या पूर्ण उतरवलेली आहे. ती फुकट शोधता येते आणि त्यात प्रत्येकाचं वय, धंदा, जन्मगाव मिळतं. तुमच्या आडनावाची सगळी माणसं एका तक्त्यात घ्या. दोन रकाने मात्र वेगळे ठेवा: जनगणनेच्या रात्री माणूस राहत होता ते ठिकाण आणि त्याचं जन्मगाव. १८८१ पर्यंत गिरण्या, खाणी आणि रेल्वेने माणसं इकडची तिकडे नेली होती. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याचं जन्मगाव तुम्हाला १८२० च्या सुमारास नेतं, म्हणजे या मोठ्या स्थलांतराच्या बऱ्याच आधी. मी नकाशा नेहमी पन्नाशी ओलांडलेल्यांच्या जन्मगावांवरून काढते. गाभा त्यात ठळक दिसतो.

नुसते आकडे मात्र मांडू नका. समजा, ४० हजार वस्तीच्या एका नोंदणी जिल्ह्यात तुमच्या आडनावाची २० माणसं आहेत आणि ६ लाखांच्या शहरात ३०. आकडा शहराचा मोठा दिसतो. पण दर लाखामागे पाहिलं तर जिल्ह्यात ५० आणि शहरात ५. शहरात माणसं पोटासाठी आलेली असतात, मूळ त्या जिल्ह्यात असतं. हा एक भागाकार न केल्यामुळे कितीतरी हौशी नकाशांवर प्रत्येक आडनाव लंडन नाहीतर लिव्हरपूलचं ठरतं.

नकाशावर मूळ गाभ्यापासून दूर एखादा एकटा ठिपका दिसला तर त्याचा छडा लावा. आर्कराइटांच्या बाबतीत डर्बीशर आणि हेरफर्डशर असे दोन ठिपके येतात आणि दोन्हींमागे एकाच घराची हकिकत आहे. सर रिचर्डनी १७७१ मध्ये डर्बीशरमधल्या क्रॉमफर्डला गिरणी उभारली आणि घराणं तिथे स्थिरावलं. पुढे १८१० मध्ये त्यांच्या मुलाने हेरफर्डशरमधली हॅम्पटन कोर्ट ही मोठी जहागीर विकत घेतली. हे माहीत नसलं की हेरफर्डशरलाही आर्कराइटांचं वेगळं मूळ होतं, असा निष्कर्ष सहज निघतो.

जनगणनेवरून काढलेल्या आकड्याची दुसऱ्या बाजूने फेरतपासणी करा. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू आहे आणि तिची तिमाही सूची ऑनलाइन मिळते. १८७० च्या दशकात तिथे दर हजारी साधारण ३५ जन्म होत. म्हणजे एखाद्या आडनावात वर्षाला सरासरी ७ जन्म नोंदले गेले असतील, तर त्या आडनावाची माणसं अंदाजे २०० असायला हवीत. तुमचा जनगणनेतला आकडा ८० येत असेल, तर निम्म्याहून जास्त माणसं वेगळ्या स्पेलिंगखाली लपलेली आहेत असं समजा. एकाच वर्षावर विसंबू नका, दहा वर्षांची सरासरी घ्या. १८७५ च्या आधीचे जन्म थोडे कमीच धरा, कारण त्या सालापासून नोंद न करणाऱ्याला दंडाचा बडगा आला. त्याआधी बरीच मुलं सुटून जायची. इतक्या जुन्या काळासाठी मी जन्मांपेक्षा विवाहांवर जास्त विसंबते.

स्पेलिंग हा या कामातला खरा डोंगर आहे. बहुतेक संकेतस्थळं उच्चाराने सारखी नावं शोधायला साउंडेक्स नावाची पद्धत वापरतात. त्यात पहिलं अक्षर तसंच ठेवून पुढच्या व्यंजनांना अंक देतात. आर्कराइटचा संकेत होतो ए-६२६. लँकशरमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळायची सवय जुनी आहे. ती माहीत असलेला कारकून कधीकधी नसलेला 'ह'ही लावून टाकतो. मग नाव होतं हार्कराइट आणि संकेत होतो एच-६२६. अंक तेच, पण पहिलं अक्षर बदललं म्हणून शोधात तो माणूस येतच नाही. त्यामुळे स्वरापासून सुरू होणारं आडनाव 'एच' लावूनही शोधा आणि 'एच'पासून सुरू होणारं तो काढूनही. त्यानंतर साउंडेक्स बंद करा, मोजकी व्यंजनं पक्की धरा आणि बाकीच्या जागी तारांकन टाका.

१८३७ च्या मागे गेलात की पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवह्या. आठव्या हेन्री राजाचे मंत्री टॉमस क्रॉमवेल यांच्या १५३८ च्या हुकमाने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवणं भाग पडलं. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत. पण १५९८ पासून दरवर्षी त्यांची नक्कल बिशपकडे जात असे. मूळ वही कुजली असेल तर ती नक्कल मागा.

सोळाव्या-सतराव्या शतकातलं हस्ताक्षर पहिल्यांदा पाहिलं की छाती दडपते, पण नेटाने बसलं तर महिन्या-दोन महिन्यांत डोळा सरावतो. त्या वळणात 'सी' हे अक्षर आपल्या 'आर'सारखं दिसतं, 'ई' उलटा वळतो आणि 'एच'ची शेपटी ओळीच्या खाली उतरून गाठ घेते. 'राइट'ने संपणाऱ्या आडनावात 'जी' आणि 'एच' शेजारी येतात, म्हणजे ओळीखाली दोन शेपट्या लागोपाठ. पानावरून नजर फिरवताना मी आधी अक्षरं वाचतच नाही, जोडशेपट्या शोधते. कार्टराइट, वेनराइट, आर्कराइट सगळे त्यात सापडतात. मग एकेक वाचायचं. एक पान काही मिनिटांत होतं.

तारखांची एक अडचण आधीच समजून घ्या. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. समजा, एका जोडप्याचं लग्न एप्रिल १६४० मध्ये आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४० मध्ये लिहिला आहे. मूल लग्नाआधीचं वाटतं, पण तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४१ चा आहे, म्हणजे दहा महिन्यांनंतरचा. तक्त्यात दोन्ही सालं लिहून ठेवा.

पॅरिश वह्यांच्या जोडीला, आणि त्यांच्या मागेही, करांच्या याद्या आहेत. १६६२ ते १६८९ या काळातला चुलींवरचा कर आडनावाच्या नकाशासाठी उत्तम, कारण त्यात घरागणिक नाव मिळतं. त्याहून जुन्या, १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या. यॉर्कशरची १३७९ ची यादी मला विशेष प्रिय आहे. तिच्यात पुष्कळदा नावापुढे धंदाही लिहिलेला असतो, त्यामुळे नाव आणि धंदा अजून जुळतात की फारकत झाली आहे, हे थेट दिसतं. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली, त्यानंतरच्या या याद्या. त्याआधीची कितीतरी नावं इथे पोचलीच नाहीत.

एवढं झालं की अर्थाकडे या. उत्तर इंग्लंडमध्ये 'आर्क' म्हणजे पीठ आणि धान्य साठवायची मोठी लाकडी पेटी, आणि 'राइट' म्हणजे ती घडवणारा कारागीर. नोहाच्या तारवाशी किंवा जहाजांशी त्याचा काही संबंध नाही. या पेट्या मी जवळून पाहिल्या आहेत. ओकचं लाकूड करवतीने न कापता पाचर ठोकून रेषेत फाडलेलं, फळ्या खाचेत बसवलेल्या, सांधे लाकडी खुंट्यांनी आवळलेले, वर उतरतं छपरासारखं झाकण. ते उचलून उलटं ठेवलं की पीठ मळायला काथवट म्हणून चालतं. पेटी सुटी करून माळ्यावर नेता येई. घरातलं नक्षीदार सामान करणाऱ्या सुताराचं काम वेगळं आणि हे वेगळं.

शब्दकोशातला अर्थ कागदोपत्री पडताळायचा मार्गही आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकात माणूस वारला की त्याच्या घरातल्या वस्तूंची मोजदाद करून ती मृत्युपत्रासोबत दाखल करत. लँकशर-यॉर्कशरच्या अशा याद्यांत 'आर्क' वारंवार येतो. आडनावाचा गाभा आणि वस्तूचा वापर एकाच मुलखात सापडला, तर अर्थ पक्का धरा. ही कसोटी सगळ्यांना लावा. लँकशरमधलंच सिक्सस्मिथ हे आडनाव दिसायला 'सहा लोहार' वाटतं, पण तो विळे घडवणारा लोहार आहे. आणि किंग, बिशप, पोप ही आडनावं धंद्याची समजू नका. ती बहुधा टोपणनावं, कधी जत्रेतल्या नाटकातल्या सोंगावरून पडलेली.

आडनाव दुर्मिळ का राहिलं, याचं उत्तर अनेकदा साधं असतं: मुलगे झाले नाहीत. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये हाच प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला आणि हेन्री वॉटसन यांनी त्यावर गणित मांडलं. आडनाव पुरुषांकडून चालतं, त्यामुळे एका पिढीत फक्त मुली झाल्या की रक्त चालू राहतं आणि नाव बुडतं. म्हणून तक्त्यात प्रत्येक पिढीतल्या लग्न झालेल्या मुलग्यांची संख्या वेगळी काढा. १९११ च्या जनगणनेत बायकोला या लग्नात किती मुलं झाली आणि किती गेली हेही विचारलेलं आहे. तो कागद घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला असतो, म्हणजे तो स्वतः आडनाव कसं लिहायचा ते तिथे पाहा. १९२१ ची जनगणनाही आता खुली आहे. १९३१ ची आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही. ती पोकळी भरायला २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदवही आहे.

आजचा आकडा हवा असेल तर मतदार याद्यांवर उभे केलेले विद्यापीठांचे नकाशे पाहा. अमेरिकेत स्थलांतर केलेल्या शाखांसाठी तिथलं जनगणना खातं आडनावांची यादी देतं, पण २०१० च्या यादीत किमान १०० जणांचीच आडनावं आहेत. खरोखर दुर्मिळ नाव तिच्यात नसतं, म्हणून ते तिथे नाहीच असं मात्र लिहू नका. जिवंत माणसांची नावं-पत्ते स्वतःच्या नकाशावर कधीही टाकू नका. जिल्ह्यापुरता आकडा पुरे. आणि काम सुरू करण्यापूर्वी १९७९ मध्ये स्थापन झालेल्या गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज या, एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांच्या संस्थेकडे तुमचं आडनाव आधीच कोणी नोंदवलं आहे का, ते बघा. असेल तर त्या माणसाला पत्र लिहा. वर्षानुवर्षांचं काम हातात पडतं.

डीएनए चाचणी मी सगळ्यात शेवटी सांगते. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे, आडनावासारखंच बापाकडून मुलग्याकडे जाणारे, वाय गुणसूत्र तपासले. स्मिथसारख्या नावात कोणी कोणाचं लागत नव्हतं, पण दुर्मिळ नावांत मोठे गट एकाच पूर्वजाकडे जात होते. तुमच्या नकाशावर एकच गाभा असेल तर एक मूळपुरुष आहे का, हे या चाचणीने कळू शकतं. त्यासाठी कागदांवर ज्यांचा संबंध जुळत नाही अशा दोन शाखांतले पुरुष निवडा आणि दोघांचीही लेखी संमती घ्या. सख्खे चुलतभाऊ घेतलेत तर तुम्हाला आधीच ठाऊक असलेलंच उत्तर मिळेल.