एकसष्टीच्या भेटीसाठी जुने घड्याळ निवडताना

वडिलांच्या एकसष्टीला किंवा आईच्या पंचाहत्तरीला चावीचे जुने घड्याळ द्यायचे मनात असेल, तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातले कपाट उघडून पाहावे. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्यांच्या घरी, लग्नात मिळालेले एखादे बंद पडलेले एचएमटी अजून सापडू शकते. ते दुरुस्त करून देणे कोणत्याही खरेदीपेक्षा उचित, असे माझे मत आहे. तसे काही हाती लागले नाही, तर जुन्या फोटोंत त्यांच्या मनगटावर काय दिसते ते पाहावे.

विकत घ्यायचे झाल्यास एचएमटीचाच विचार आधी करावा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि जनता, पायलट, कोहिनूर ही नावे घरोघरी पोहोचली. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिल्यापासून या घड्याळांची मागणी वाढली, आणि त्याबरोबरच एकाचे मशीन, दुसऱ्याची केस व नव्याने रंगवलेले डायल अशी जुळवाजुळव करून विकणेही वाढले. त्यामुळे झगझगीत निळ्या किंवा नारिंगी डायलला भुलू नये. भिंगातून पाहिल्यास रंगवलेल्या डायलवरची अक्षरे जाडसर व कडांना फुटलेली दिसतात, मिनिटांच्या खुणा काट्यांच्या टोकांशी जुळत नाहीत. याउलट पिवळसर पडलेले मूळ डायल, थोडे डागाळलेले असले तरी, नि:शंक घ्यावे.

मागचे झाकण विक्रेत्यासमोरच उघडून घ्यावे. घाम आणि पावसाळी दमटपणा चावीच्या वाटेने आत शिरत असल्याने गंज प्रथम तिथेच दिसतो. पूर्ण चावी दिल्यावर चांगले मशीन तीस-पस्तीस तास चालते. एक रात्र उताणे आणि एक रात्र उभे ठेवून दोन्ही वेळा किती पुढे-मागे जाते, ते पाहण्याची मुभा मागावी. दिवसाला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक या वयाच्या घड्याळात चालवून घ्यावा. मुभा नाकारणाऱ्याकडून घेऊ नये.

घड्याळ वापरणाऱ्याचे डोळे आणि बोटे यांचा विचार मात्र बहुतेक जण विसरतात. मोतीबिंदू झालेल्यांना पायलटच्या काळ्या डायलपेक्षा जनताचे पांढरे डायल व ठळक आकडे सोयीचे ठरतात. देवनागरी आकड्यांची जनताही मिळते, आणि ती आजी-आजोबांना विशेष आवडते. संधिवाताने बोटे आखडली असतील, तर रोज चावी देणे जिवावर येते. अशा वेळी एचएमटीच्याच कांचनसारखे, मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे ऑटोमॅटिक बरे, पण फारशी हालचाल नसलेल्या मनगटावर तेही थांबते, हे लक्षात ठेवावे. आईसाठी लहान आकाराचे घ्यावे, पट्टा मऊ कातड्याचा लावावा.

देण्यापूर्वी नाशिकच्या मेन रोड किंवा शालिमार भागातल्या जुन्या कारागिराकडून मशीन साफ करून तेल घालून घ्यावे. पार्ट शोधावा लागला तर वेळ जातो, म्हणून हे काम महिनाभर आधी सोपवावे. झाकणावर नाव-तारीख कोरायची असेल तर तीही याच खेपेला कोरून घ्यावी. मागे 'वॉटरप्रूफ' असे लिहिलेले असले तरी पाणी अडवणाऱ्या आतल्या जुन्या रबराचा भरवसा नसतो. रामकुंडावर स्नानाला जाताना घड्याळ घरीच ठेवावे, एवढे मात्र भेट देतानाच सांगून टाकावे.