शाळेतल्या समुपदेशकांची टीम कशी सांभाळायची
चार-पाच शाळा आणि दोन-तीनच समुपदेशक असतील तर आधी वार ठरवून टाका, कोण कुठल्या शाळेत कधी, आणि त्या दिवशी त्यांना ऑफ तासाला किंवा पेपर तपासायला बसवायचं नाही हे मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोलून घ्या, नाहीतर समुपदेशन राहतं बाजूला.

खोली वेगळी हवी. स्टाफरूमच्या कोपऱ्यात मूल तोंड उघडत नाही.

आठवड्यातून एकदा टीमने एकत्र बसायचं, अवघड केसेस मुलाचं नाव न घेता मांडायच्या, आणि समुपदेशकाला स्वतःला किती जड जातंय तेही विचारायचं, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "सगळं गुप्त राहील" असं मुलाला कधीच सांगू नका! लैंगिक अत्याचाराचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून पहिल्याच भेटीत सांगा, "तुला धोका असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल."

वर्गशिक्षकांना धरून चाला, डबा तसाच परत नेणारं मूल त्यांनाच आधी दिसतं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे नंबर नोटीस बोर्डावर लावाच, आणि दहावी-बारावीचा निकाल सुट्टीत लागतो तरी त्या आठवड्यात टीममधलं कुणीतरी फोनवर पाहिजेच.