बाबांच्या कानाला हेडफोन, घराला स्पीकर

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत बाबांना ऐकू येईल एवढा टीव्ही मोठा केला की लेकीचा अभ्यास होत नाही. तुमच्याकडेही हेच असेल आणि हेडफोन व स्पीकर दोन्ही एकाच वेळी हवे असतील तर टीव्हीच्या मागे ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं चौकोनी सॉकेट शोधा. हेडफोनच्या गोल सॉकेटमध्ये पिन घातली की बहुतेक टीव्ही स्पीकरचा आवाज बंद करतात, म्हणून ते नको.

ऑप्टिकलला वायरलेस हेडफोनचा ट्रान्समीटर (हेडफोनकडे आवाज पाठवणारी डबी) जोडा आणि होम थिएटर एचडीएमआय एआरसीवर, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय सॉकेटवर ठेवा. दोन्ही एकदम वाजत नसतील तर एका ऑप्टिकलचे दोन करणारा ऑप्टिकल स्प्लिटर घ्या आणि होम थिएटरही त्यालाच जोडा. लॅमिंग्टन रोडला मिळतो. मग सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’ (साधा डिजिटल आवाज) करा, कारण पुष्कळ ट्रान्समीटरना डॉल्बीच्या स्वरूपातला आवाज कळत नाही आणि हेडफोन मुके राहतात. यात स्पीकरचा सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, जाऊ शकतो. जाऊ दे, बाबांना संवाद कळणं जास्त मोलाचं आहे.

खरेदीत एकाच गोष्टीवर अडून बसा: आवाजाला उशीर नको. साध्या ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, आणि कमी ऐकणारा माणूस तर ओठ बघूनच निम्मं समजून घेतो. टीव्हीसाठीचे २.४ गिगाहर्ट्झचे, स्वतःच्या ट्रान्समीटरसह येणारे हेडफोन बरे. ब्लूटूथच हवं असेल तर ‘एपीटीएक्स लो लेटन्सी’ ही उशीर कमी करणारी सोय ट्रान्समीटर आणि हेडफोन अशा दोन्ही बाजूंना हवी.

श्रवणयंत्र असेल तर कान पूर्ण झाकणारे, सैल हेडफोन घालून दुकानातच बघा. शिट्टी वाजली तर दुसरे मागा. आणि कानांची तपासणी टाळू नका. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते.