मुंबई ते न्यूयॉर्क: प्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

मुंबई ते न्यूयॉर्कचं जेएफके एअरपोर्ट, सरळ अंतर साधारण 12,540 किमी. बहुतेक लोक हा आकडा बघतात, विमान ताशी 900 ने जातं म्हणून भागतात आणि 14 तास धरून मोकळे होतात. पण जाताना जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा, जोरदार वारा समोरून येतो म्हणून नॉनस्टॉपलाही 16 तासांच्या आसपास लागतात, येताना तोच वारा मागून असतो म्हणून एक-दोन तास वाचतात. त्यात रूटही बदलतात, रशियाने 2022 मध्ये अमेरिकन कंपन्यांना आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, की आलाच वळसा. त्यामुळे शेजारच्या काकांना किती तास लागले होते ते धरू नका, तुमच्या तिकिटावर काय आहे ते बघा.

आणि तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात हं! समजा जानेवारीत मुंबईहून रात्री 1.30 ला निघून त्याच तारखेला सकाळी 7 ला पोचताय, म्हणजे साडेपाच तास नाही, तेव्हा न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणून त्यात साडेदहा मिळवा, झाले 16. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे.

सगळ्यात महागात पडणारी चूक तारखेची. तिकिटावर 12 तारीख, 01:30 असं असेल तर 11 तारखेला रात्री जेवूनच घर सोडायचं, साडेदहापर्यंत एअरपोर्टवर. आईबाबा एकटे जाणार असतील तर कॅलेंडरवर 11 तारखेलाच गोल करून ठेवा आणि गाडीही 11 चीच बुक करा, प्लीज. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर घड्याळ बघून नाही, तासांच्या हिशोबाने कसं घ्यायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्या.

स्वस्त मिळालं म्हणून दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, विशेषतः शिकागोसारखं अमेरिकेतच विमान बदलायचं असेल तर. जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा घेऊन परत द्याव्या लागतात, पुन्हा सिक्युरिटी. तीन तास तरी ठेवा.

मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असेल तर जेएफके नको, न्यू जर्सीतलंच न्यूअर्क एअरपोर्ट बघा. जेएफके आणि एडिसनमध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर आहे, ट्रॅफिकमध्ये सहज दीड-दोन तास जातात.

आणि कनेक्शन हुकलंच तर घाबरून नवीन तिकीट काढू नका, आधी एअरलाइनच्या काउंटरवर जा. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल आणि पहिलं विमान लेट झालं असेल तर सहसा पुढच्या विमानात जागा तेच देतात. दोन वेगळी तिकिटं असतील तर मात्र दुसरं तिकीट बुडण्याचीच शक्यता जास्त, म्हणून बुकिंग करतानाच एक पीएनआर आहे ना ते बघून घ्या.