जुनी ४०७, मागे जनरेटरची ट्रॉली आणि मे महिन्यातला पसरणी घाट

फलटणला पारा चाळिशी ओलांडतो, नेमकी तेव्हाच लग्नसराई जोरात असते. आमचा धंदा मंडप, साउंड आणि जनरेटरचा. गाडी टाटा ४०७, जुन्या ४९७ इंजिनाची, बिनटर्बो. हौद्यात पाईप आणि स्पीकर, मागे हुकाला साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर, ट्रॉलीसकट दोन टनांच्या घरात. पाचगणीची ऑर्डर असली की लोणंद, खंडाळा, मग खंबाटकी, सुरूर, वाई आणि शेवटी पसरणी. एवढ्या रस्त्यात जुनी गाडी तापत नाही असं कुणी म्हणालं तर त्याने ट्रॉली कधी ओढलेली नाही.

गाडी तापली की सगळे पाण्याकडे बघतात. कॅन काढ, पाणी ओत, चल पुढे. माझं म्हणणं, आधी हवेकडे बघा. डिझेल जळून जेवढी उष्णता होते त्यातला साधारण तिसरा हिस्साच कामी येतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाला समोरून वारा फुकट मिळतो. घाटात पंधरा-वीसच्या वेगाला वारा कुठला? तिथे सगळी मदार पंख्यावर, आणि इंजिनावर भार मात्र पुरा. त्यात वारा पाठीमागून असेल तर आणखी वाईट.

म्हणून सीझनच्या आधी, मार्चमध्येच, गाडीचं तोंड मोकळं करा. जाळीवरचे दसऱ्यापासूनचे सुकलेले हार, देवाच्या नावाची पाटी, जादाचे चार दिवे, पाचट अडवायला बांधलेली शेडनेट, हे सगळं रेडिएटरची हवा खातं. लिंबू-मिरची ठेवा, ती काही अडवत नाही. पाटी टपावर लावा.

मग रेडिएटर धुवा, पण मागून. इंजिनाच्या बाजूने साध्या नळाची धार पुढे मारायची, म्हणजे आत घुसलेली धूळ, किडे, उसाचं पाचट आलं त्या वाटेने बाहेर जातं. समोरून मारलं तर कचरा आणखी आत ठासतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून लावू नका. रेडिएटरच्या नळ्यांमधल्या पातळ पत्र्या आडव्या होतात आणि एकदा आडव्या झाल्या की तिथली हवा बंद. ऑइलचा थर असेल तर आधी साबणाचं पाणी, थोडा वेळ थांबून मग धार. ज्यांच्या गाडीला इंटरकूलर किंवा एसीचा कंडेन्सर आहे त्यांनी दोन थरांच्या मधली फट नक्की बघावी, खरा कचरा तिथे असतो.

पंख्याभोवतीचं कव्हर. जुन्या गाड्यांत हे हमखास गायब. कधीतरी पट्टा बदलताना मेकॅनिकने काढलं, बसवायला कंटाळला, 'काही फरक पडत नाय' म्हणाला. फरक पडतो. कव्हर नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. भंगारात जुनं मिळतं, नाहीतर पत्रेवाल्याकडून वाकवून घ्या. पंख्याचं पातं आणि कव्हर यात बोटभर जागा राहील असं बघा, कारण इंजिन हलतं. पट्टा अंगठ्याने दाबून साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर ताण बरोबर असूनही तो घसरतो. बदला आणि जुना, चालणारा असेल तर, सीटखाली ठेवा.

आता पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, वर्षानुवर्षं तेच घातलं की रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो. हात लावून तपासा: गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या, मग रेडिएटरच्या अंगाजवळून तळहात फिरवा. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. जुना पितळी रेडिएटर असेल तर फेकू नका. रेडिएटरवाल्याकडे वरची टाकी उघडून रॉडिंग करून घ्या, म्हणजे तो नळ्यांतून सळई घालून थर काढतो आणि टाकी परत डाग देऊन बसवतो. बाजारातल्या केमिकलने हलका थर निघतो. घट्ट बसलेला निघत नाही.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. नुसतं कूलंट ओतणारे आहेत, पण ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. आणि काढलेलं जुनं कूलंट अंगणात सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

शंभर-दोनशे रुपयांचं रेडिएटरचं झाकण हा सगळ्यात स्वस्त इलाज, आणि लोक तोच टाळतात. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून रेडिएटरमधलं पाणी त्याच्या पुढेही उकळत नाही. दर एक पाउंड दाबामागे साधारण दीड अंश जास्त मिळतो. १३ पाउंडांचं धड झाकण म्हणजे वीसेक अंशांची सवलत. रबर चिरलं असेल, स्प्रिंग ढिली असेल, तर ती सवलत गेली. नवं घेताना त्यावरचा आकडा जुन्याशी जुळवा. जास्त पाउंडांचं बसवलं तर जुने होज पाईप फुटतात.

होज पाईप दाबून बघा. खालचा पाईप जास्त महत्त्वाचा, कारण वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप, त्यातून पाणी ओढते. तो मऊ पडला असेल तर इंजिन वाढवल्यावर चपटा होतो आणि पाणीच अडतं. वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर एम-सील लावून भोक बुजवू नका. सील गेलंय हे सांगायलाच ते भोक ठेवलेलं असतं.

थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, त्याबद्दल प्रत्येक नाक्यावर एकच सल्ला मिळतो, काढून टाक. ज्या इंजिनात बायपासची वाट असते तिथे वॉल्व्ह काढला की ती वाट कायम उघडी राहते, आणि काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच गरमगरम परत फिरतं. शिवाय थंडीत इंजिन तापायला वेळ घेतं आणि डिझेल खातं. शंका असेल तर वॉल्व्ह काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, सोबत थर्मामीटर धरा, खाली गॅस लावा. किती अंशांला उघडतो ते त्यावरच कोरलेलं असतं. त्या सुमाराला उघडायला लागला की ठीक, नाहीतर नवा. घरातलं रोजचं पातेलं घेऊ नका.

दोन गोष्टी पाण्याच्या नाहीत पण ताप तिथूनच येतो. एक, 'पंप वाढवलेला' असणं. ओढ मिळावी म्हणून डिझेल पंप सेटिंगच्या वर नेतात. चढाला काळा धूर निघतो, तो धूर म्हणजे फुकट उष्णता. पंपवाल्याकडून परत जागेवर आणा. दुसरी, ट्रॉली. वर्षभर उभी असलेल्या ट्रॉलीच्या चाकात हवा कमी, बेअरिंगला ग्रीस नाही, ब्रेक धरून बसलेला. घरातून निघून आठ-दहा किलोमीटरवर थांबा आणि चारही हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, हाताने बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तो सगळा भार तुमचं इंजिन ओढतंय.

निघायचं पहाटे चारला. साडेसातच्या आत पसरणी मागे पडली पाहिजे. उन्हाळ्यात शनिवारी दहानंतर पर्यटकांच्या गाड्यांनी घाट तुंबतो, आणि चढावर रांगेत थांबत-निघत जाणं हे चालत्या चढापेक्षा वाईट. गियर चढ लागायच्या आधी खाली टाका. 'तिसऱ्यात ओढतेय की' म्हणून तिसऱ्यातच रेटत राहिलं तर इंजिन घरघरतं, पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही हळू फिरतात. दुसऱ्यात टाकलं की आवाज वाढतो पण हवाही वाढते आणि पाणीही. आवाजाला घाबरू नका. हीटर चालू करा असा सल्ला मिळेल. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी करावा, थोडा उपयोग होतो.

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की लाल होण्याची वाट न बघता रुंद जागेला थांबा. ट्रॉलीच्या आणि गाडीच्या दोन्ही चाकांना दगड. पट्टा शाबूत आहे आणि पाणी फेकत नाही, तर इंजिन बंद न करता न्यूट्रलला थोडं वाढवून ठेवा. पाच-सात मिनिटांत काटा उतरतो. पट्टा तुटला किंवा पाईप फुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद. झाकणाला अर्धा तास हात नाही. मग ओलं पोतं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या. इंजिन हाताला सोसेल एवढं निवलं की ते चालू करून बारीक धारेने पाणी घाला. तापलेल्या इंजिनात गार पाणी बदाबदा ओतलं तर हेड तडकतं. एक लक्षात ठेवा, काटा एकदम खाली आला म्हणजे गाडी गार झाली असं नाही. पाणी सेन्सरच्या खाली गेलं तरी काटा पडतो. आणि निघताना रस्त्यावरचे दगड बाजूला टाका, मागून दुचाकीवाले येत असतात.

पोचल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवून मग बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाला किती पाणी लागलं ते खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पेलाभर ठीक. दर खेपेला लिटरभर लागत असेल आणि खाली जमिनीवर थेंबही नसेल, तर थंड इंजिन झाकण काढून चालू करा आणि रेडिएटरमध्ये बघा. सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलची काडी दुधाळ दिसत असेल तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. मग पुढच्या तारखेला गाडी भाड्याने बघा आणि हेड आधी उघडा.